शाळेच्या फाटकापासून ५० मीटर

प्रति,
गोव्यातील सर्व शाळांचे पालक-शिक्षक संघ

सप्रेम नमस्कार.

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की तुमची सर्वसाधारण सभा भरते. कार्यकारिणी निवडली जाते. गणवेशाचा रंग, बालरथाची म्हणजे शाळेच्या बसची वेळ आणि स्नेहसंमेलनाची वर्गणी यांवर तास-दीड तास घसे कोरडे होतात. मग एक सामोसा, एक पेढा आणि कागदी पेल्यातले कोल्ड्रिंक घेऊन माणसे घरी जातात. मुले दिवसभर काय खातात हा विषय अशा सभेत निघालेला मी क्वचितच ऐकला आहे. निघतो तोही माध्यान्ह आहारात अळी सापडली तर. अळी नाही म्हणजे आहार उत्तम, अशी आपली साधी समजूत.

मी फोंडा तालुक्यात राहते. परिचारिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. शाळांतल्या आरोग्य तपासण्या आणि गावोगावची रक्तदाब-साखरेची शिबिरे यांत माझी बरीच वर्षे गेली. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण बोट टोचून घेताना माणूस जे बोलतो ते केसपेपरवर येत नाही, आणि ते मी भरपूर ऐकले आहे. हे पत्र सरकारला लिहायला हरकत नव्हती. तुम्हांला लिहिते आहे, कारण यातल्या बहुतेक गोष्टी करायला कुणा मंत्र्याची सही लागत नाही.

आधी तो आकडा, जो आपण वाचला आणि विसरलो. २०२३च्या जूनमध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १ लाख १३ हजारांवर प्रौढांची तपासणी झाली होती. भारतात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले आणि गोव्यात २६.४ टक्के. देशात पहिला क्रमांक आपला. उत्तर प्रदेशात हेच प्रमाण ४.८ टक्के होते. म्हणजे इथल्या दर चार प्रौढांमागे एकाला मधुमेह. दोन दिवस वर्तमानपत्रांत चर्चा झाली. मग कुणीतरी म्हणाले, गोव्यात दवाखाने चांगले, तपासणी जास्त होते, म्हणून रोगी जास्त दिसतात. ही पळवाट आहे. दवाखान्यांच्या नोंदी मोजून ही पाहणी झालेली नव्हती. सगळ्या राज्यांत घरोघर जाऊन एकाच पद्धतीने रक्त तपासले होते. गोव्यात उतारवयाची माणसे बहुतेक राज्यांपेक्षा जास्त आहेत, हे खरे. पण सगळे वयावर ढकलून गप्प बसायला माझे मन धजत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा प्रौढांचा आकडा, आमच्या सातवी-आठवीच्या मुलांचा याच्याशी काय संबंध? तर एक प्रसंग सांगते. गावातल्या एका तपासणीत एक आई मुलाला घेऊन आली. वय तेरा-चौदा, अंगाने जाडजूड. तिची तक्रार वजनाची नव्हतीच. मुलाने मान पुढे केली. मागच्या बाजूला, कॉलर टेकते तिथे, कातडी काळी आणि जाड झालेली. काखेतही तसेच. "कितेंय करात, मळ वचना," ती म्हणाली, म्हणजे काही केल्या मळ जात नाही. लिंबू चोळून झाले होते, बेसन झाले होते, काथ्याने घासून घासून मान लाल केली होती. मुलाला वर्गात 'काळी मान' म्हणून चिडवत होते, त्यामुळे तो उन्हाळ्यातही कॉलर वर करून बसायचा.

तो मळ नव्हता. डॉक्टर याला अॅकॅन्थोसिस निग्रिकान्स म्हणतात. अशा वयात, वाढत्या वजनासोबत हे दिसले, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. साखर पेशींत ढकलायला स्वादुपिंडाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन सोडावे लागते, आणि त्या जादा इन्सुलिनने त्वचेच्या पेशीही फोफावतात. रक्तातली साखर त्या दिवशी तपासली तर नॉर्मल येऊ शकते, कारण स्वादुपिंड अजून ओव्हरटाइम करते आहे. किती वर्षे करील हे कुणी सांगू शकत नाही. तिशीत शिबिराला येऊन "मला कसा काय डायबेटिस?" म्हणून चकित होणाऱ्या माणसाची गोष्ट पुष्कळदा अशी शाळेच्या बाकावर सुरू झालेली असते.

आणि त्या आईचे पुढचे वाक्य, जे मी शेकडो आयांच्या तोंडून ऐकले आहे: "पूण नर्सबाय, तो कांयच खायना!"

ती खोटे बोलत नव्हती. जेवणाच्या ताटावर तो खरोखरच काही खात नव्हता. त्याचा दिवस विचारून घेतला, तोच दिवस तुमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांचा असेल. सकाळी सहाला अर्धवट झोपेत उठायचे. चॉकलेटची पावडर घातलेले अर्धा पेला दूध आणि दोन बिस्किटे. पावणेआठला शाळा. साडेदहाच्या सुट्टीत फाटकाबाहेर पाच रुपयांची दोन पाकिटे, नाहीतर कटलेट-पाव. दीडला शाळा सुटते, घरी पोचेपर्यंत सव्वादोन. भूक मरून गेलेली, त्यामुळे शीत-कडीला नुसता हात लावायचा, भाजी ताटाच्या कडेला. चारला ट्यूशन, वाटेत आंब्याच्या चवीचे ज्यूस. सातला घरी येताना वडिलांनी आणलेले फरसाण किंवा पॅटिस. आणि रात्री दहाला टीव्हीसमोर जेवण, तेव्हा मात्र पोटभर. दुसऱ्या दिवशी सहाला भूक नसते, ती कुठून असणार?

यातल्या एकेका गोष्टीने कुणी आजारी पडत नाही. शाळेत असताना कटलेट-पाव कुणी खाल्ला नाही? प्रश्न रोजच्या रहाटीचा आहे. सकाळी उपाशी, मध्ये कोरडे, संध्याकाळी तळलेले आणि रात्री उशिरा भरपेट. त्यात प्रथिने कुठेच नाहीत, चोथा नाही, आणि साखर प्रत्येक टप्प्यावर आहे. दूध पावडरीचा डबा मागच्या बाजूने वाचून बघा. काही पावडरींत वजनाच्या एकतृतीयांशापेक्षाही जास्त साखर असते. अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरात विकू नका, असे केंद्राने २०२४च्या एप्रिलमध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले, तेव्हा कुठे काही घरांत तो डबा वळवून पाहिला गेला. कोल्ड्रिंकच्या पाव लिटरमध्ये साधारण पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ माणसानेही दिवसभरात वरून घेतलेली साखर वीस-पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी. एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला, चहा-बिस्किट अजून बाकीच आहे.

काही पालक म्हणतात, आमचा तर काटकुळा आहे, त्याला काय धोका? इथे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचे काम आठवते. २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचे, असे आपले भारतीय शरीर. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून त्यांनी गर्भवती मातांचा जो अभ्यास केला, त्यात हा ठेवा जन्मतःच सोबत येतो असे दिसले. बाळे वजनाला कमी, तरी चरबी राखून असलेली. तेव्हा वजनकाट्यावर भरवसा ठेवून काटकुळ्या मुलाला पाकिटे मोकळी सोडू नका. आणि हेही लक्षात घ्या की जाड मूल म्हणजे खाऊन-पिऊन सुखी मूल नव्हे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या ३६ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर निघाले, आणि त्याच गोव्यात पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांत रक्त कमी. एकाच घरात पोट सुटलेले आहे आणि नखे पांढरी आहेत.

आता गोबी मंचुरियनकडे येते, कारण या विषयावर बोलायला लागले की लोक तिथेच पोचतात. २०२२मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या जत्रेत हे गाडे आवरा, असे अन्न व औषध प्रशासनाने मुरगाव पालिकेला सांगितले. २०२४च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने तर बंदीच घातली. देशभर बातमी झाली, हसणे झाले. रंग, सॉस आणि एकंदर अस्वच्छता ही कारणे होती आणि ती खरी होती. पण मला त्या बिचाऱ्या फ्लॉवरची दया आली. त्या साऱ्या पदार्थात भाजी म्हणावी अशी तीच एक होती! जत्रा वर्षातून एकदा येते. तुमच्या शाळेची सुट्टी रोज साडेदहाला होते. जत्रेतल्या गाड्यावर पालिका धाड घालते, आणि रोजच्या त्या वीस मिनिटांकडे कुणाचेच लक्ष नाही.

खरे तर यासाठी कायदा आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२०मध्ये शाळकरी मुलांच्या आहाराबाबत नियम केले. चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. त्यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत. शाळेचे स्वतःचे कॅन्टीन असेल तर त्याची नोंदणी हवी. तंबाखूचा १०० यार्डांचा फलक तुमच्या फाटकाजवळ रंगवलेला असतो, तो सगळ्यांना पाठ आहे. या ५० मीटरचा फलक मी तरी कुठल्या फाटकावर पाहिला नाही. मोजपट्टी घेऊन एकदा मोजा. बहुतेक ठिकाणी पसरकाराचे दुकान तिसाव्या-चाळिसाव्या मीटरवरच निघेल. आणि काही शाळांत ती पाकिटे खुद्द शाळेच्या कॅन्टीनमध्येच माळा करून टांगलेली दिसतील, मग मोजपट्टीचीही गरज नाही.

मात्र हे वाचून उद्या गाडेवाल्या बाईला हुसकावायला निघू नका. ती कुणाची तरी आई आहे आणि तिच्या गाड्यावर तिच्या घरच्या मुलांची फी अवलंबून आहे. तिला बोलावून घ्या, समोर बसवा, आणि विचारा की हेच गिऱ्हाईक तुला पक्के मिळवून दिले तर काय काय देशील. उकडलेल्या शेंगा, मक्याची कणसे, भिजवलेल्या चण्यांची उसळ, कापलेले पेरू, एप्रिल-मेमध्ये करवंदे, चुन्नां आणि जांभळे. नफा यातही आहे. पाकिटावर जितका सुटतो त्याहून कमी नाही. तळणाऱ्याला एवढे तरी सांगा की तेल काळे, दाट झाले, फेस यायला लागला, कढई तापायच्या आत धूर सुटू लागला, की ते टाकून द्यायचे. तळून तळून तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, वाढतात, २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल वापरायला कायद्याने मनाई आहे. गाड्यावर ते मोजायचे यंत्र नसते, पण डोळे आणि नाक असते.

पाकीट वाचायला मुलांना शिकवणे हे काम कुणी करायचे? शिक्षक म्हणतात अभ्यासक्रमात नाही, पालक म्हणतात आम्हांलाच कळत नाही. यात कळायचे फार नाही. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिल्या तीन नावांत मैदा, पाम तेल आणि साखर असेल तर समोर फळाचे चित्र असो की वाघाचे, आत तेच आहे. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ कळते. प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहावे, मुलाने त्याहून कमी. सीबीएसईने २०२५मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. कुठल्या पेयात किती चमचे साखर, ते भिंतीवर दाखवायचे. गोवा बोर्डाच्या शाळांना तो आदेश लागू नाही, पण म्हणून कुणी मनाई केलेली नाही. चित्रकलेच्या तासाला सहावीची मुले ते एका दिवसात करतील. रिकामे पाकीट चिकटवायचे आणि शेजारी पारदर्शक पिशवीत तेवढी साखर भरून टांगायची.

माध्यान्ह आहाराबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तो आपल्या हातातला आहे आणि त्याकडे आपण अळी शोधण्यापलीकडे पाहत नाही. योजनेच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. त्यासाठी लहानांना २० ग्रॅम आणि मोठ्यांना ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य धरलेले आहे, आणि ५० व ७५ ग्रॅम भाजी. आता आपल्याकडे पुष्कळदा येणारा भाजी-पाव डोळ्यांसमोर आणा. पातळ बटाट्याची भाजी, तीत चार वाटाणे, सोबत दोन पाव. डाळीचे ते २० ग्रॅम कुठे आहेत? बटाटा भाजी म्हणून मोजला तरी पावाला पाव आणि बटाट्याला बटाटा, सगळे पिष्टच. आयसीएमआरच्या त्याच अभ्यासगटाने २०२५मध्ये दाखवले की भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते आणि त्यांतला थोडा वाटा जरी प्रथिनांकडे वळवला तरी मधुमेहाचा धोका घटतो. आपण मुलांना नेमके उलटे वळण लावतो आहोत, तेही सरकारी खर्चाने.

यात बचत गटाच्या बायांना दोष देऊ नका. मिळणाऱ्या रकमेत, अडकलेल्या बिलांत आणि पहाटे चारला उठून त्या जे करतात ते सोपे नाही. पाव शाळेपर्यंत सहज पोचतो, भांडी कमी लागतात, सांडत नाही, म्हणून पाव. पण आपल्याच घरातले अळसांद्यांचे तोणाक पावासोबत जात नाही काय? मुगाची उसळ? चण्यांचा रोस? पैसे कमी पडत असतील तर तिथे तुमच्या संघाने उभे राहावे. तिथी भोजनाची सोय याच योजनेत आहे. गावातल्या माणसाने किंवा संस्थेने एखाद्या दिवसाचे जेवण किंवा त्यातला एखादा पदार्थ द्यायचा. आपल्या देवस्थानांत महाप्रसादाला खतखते रटरटते. पाच-सहा भाज्या, तूरडाळ, तिरफळे. गावच्या शाळेला महिन्यातून एकदा ते मिळाले तर देव रागावणार नाही, आणि महाजनांनाही तिथल्या तिथे रांधलेले पुण्य लाभेल. एक मात्र आहे की केंद्राची ही योजना आठवीला थांबते. नववी-दहावीची मुले, ज्यांची हाडे अजून वाढत असतात आणि ज्यांचे वर्ग सगळ्यात उशिरापर्यंत चालतात, ती थेट पसरकाराच्या स्वाधीन. त्यांच्यासाठी शाळेचे कॅन्टीन हीच एक जागा उरते. त्या कॅन्टीनचे कंत्राट देताना फक्त भाडे किती मिळते एवढेच पाहिले जाते.

"आमचे आजोबा खोबरेल जेवण जेवून नव्वदीपर्यंत जगले" हे वाक्य तुमच्या सभेत हमखास येईल, म्हणून आधीच बोलते. मी जुने ते सगळे सोने मानणाऱ्यांतली नाही. जुन्या ताटात मीठ भयंकर होते. तोर, खारा बांगडा, लोणचे. गरिबाच्या घरी डाळ सणालाच दिसायची. पण दोन गोष्टी त्या ताटात होत्या ज्या आपण घालवल्या. एक म्हणजे वेळ. सकाळी दहा-साडेदहाला शेतावर पेज यायची, बरोबर तुमच्या मुलांची सुट्टी होते तेव्हा. म्हणजे सकाळच्या कामानंतर पोटात उकड्या तांदळाचे काहीतरी जायचे, आणि रात्रीचे जेवण दिवेलागणीनंतर लवकर उरकायचे. दुसरी म्हणजे माल. तांदूळ उकडताना कोंड्यातले ब जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते, नंतर कोंडा काढला तरी बरेचसे टिकते. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तारले हा स्वस्तातला मासा, पण हृदयाला लागणारी ओमेगा-३ त्यात भरपूर, आणि बारीक तारला काट्यासकट खाल्ला तर कॅल्शियम वेगळे. आज मुलांना तारल्याचा वास येतो म्हणतात, आणि फिश फिंगर चालते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तर अनेक घरांत माशाची जागा डाळ-कडधान्य न घेता रोजची तळलेली कोंबडी घेते. श्रावणाचे काय, असे विचारू नका, श्रावणात साबुदाण्याची खिचडी आणि शिरा असतो!

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पोईबद्दल मला ममता आहे, पण तीही आता तपासून घ्यावी लागते. खरी पोई गव्हाच्या पिठाची आणि कोंड्याची. नुसत्या मैद्याच्या गोळ्यावर कोंडा भुरभुरवला तर रंग बदलतो, मैदा बदलत नाही. पोदेराला विचारा. तो सांगतो, न लपवता सांगतो, मी विचारून पाहिले आहे.

डब्याबद्दल आयांना उपदेश करायला मला आवडत नाही, कारण पहाटे पाचला उठणारी तीच असते आणि बोल लावून घेणारीही तीच. तुमच्या सभांना बहुतेक आयाच येतात, अध्यक्ष मात्र बाबा असतात. तेव्हा बाबांसाठी लिहिते. संध्याकाळी घरी येताना हातात जी पिशवी असते ती तुमची जबाबदारी. तीत फरसाण आणि पॅटिसऐवजी अंडी, सालदाटी केळी, भाजलेले चणे, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरची भाजी येऊ शकते. बेळगावची भाजी महाग झाली तर पावसात तांबडी भाजी, टायकिळो, फागलां आपल्याच बाजारात बसलेली असतात. रात्री उसळ दोन वाट्या जास्त झाली तर सकाळचा डबा अर्धा तयार. घावन आणि चटणी, उकडलेले अंडे आणि पोई, नाचणीची भाकरी आणि तोणाक, मेमध्ये उकडलेली फणसाची बिकणां. सोमवारपासून सगळे बदलू नका, मुले बंड करतील. एक पाकीट कमी करा आणि रात्रीचे जेवण आठच्या आधी आणा. एवढ्यानेच सकाळी भूक लागायला सुरुवात होते. सकाळची भूक परत आली की बाकीच्या पुष्कळ गोष्टी न सांगता जागेवर येतात.

वाढदिवसांचे बघा. चाळीस मुलांच्या वर्गात महिन्याला तीन-एक वाढदिवस येतातच. दर वेळी केक, चॉकलेट आणि वर रिटर्न गिफ्ट म्हणून पुन्हा चॉकलेट. हे कुणाला मुळात हवे आहे? मला तरी वाटते, प्रत्येक आई दुसरीकडे बघून करते. संघाने ठराव केला की वर्गात खाऊ वाटायचा नाही, हवे तर वाचनालयाला एक पुस्तक द्यावे, तर सुटकेचा पहिला श्वास आयाच टाकतील.

शेवटी एक विनंती आहे, आणि तीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. हे सारे करताना वर्गातल्या जाड मुलाकडे बोट जाता कामा नये. सर्वांसमोर वजन घेऊ नका, आकडा मोठ्याने वाचू नका. काळी मान दिसली तर त्या पालकांना बाजूला घेऊन डॉक्टरांकडे पाठवा. आणि तुमच्या शाळेत टाइप १ मधुमेहाचे एखादे मूल असेल, तर त्याच्या आजाराचा खाण्याच्या सवयींशी काहीही संबंध नाही, हे शिक्षकांना, शिपायाला आणि इतर पालकांनाही सांगून ठेवा. त्याच्या शरीराने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी स्वतःच नष्ट केलेल्या असतात. "लहानपणी फार गोड खाल्ले असेल" हे वाक्य अशा मुलांच्या आयांना किती वेळा ऐकावे लागते, ते मी पाहिले आहे. त्या मुलाला इन्सुलिन टोचायला स्वच्छ आणि आडोशाची जागा द्या, संडासात पाठवू नका. साखर एकदम उतरली तर हात थरथरतात, घाम फुटतो, ते गोंधळल्यासारखे बोलू लागते. तेव्हा तास चालू असो की परीक्षा, त्याला लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही न देता १०८ला फोन लावायचा. साखरेवर बंदी घातलेल्या शाळेतही वर्गशिक्षकाच्या खणात ही साखरेची पुडी हवी. ती कुठे ठेवली आहे, हे बदली शिक्षकालाही माहीत हवे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
फोंडा तालुका, गोवा